अकरावा रकाना

माझ्या दुकानात कुणी फॉर्म भरायला बसलं आणि एखाद्या रकान्यापाशी येऊन "हंय काय लिवू?" असं विचारलं, की माझी बोटं कीबोर्डवर अडतात. तिठ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रेशनकार्ड, सातबारा, परीक्षांचे अर्ज, जे येईल ते मी टाईप करते. दुकानाला बारा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत फॉर्म कसा भरायचा हे मलाच शिकवणारं गिऱ्हाईक एकच भेटलं, तात्या घाडी. त्यांना जाऊन आता सव्वा वर्ष होईल.

तात्या पंचायत समितीत कारकून होते आणि तिथूनच निवृत्त झाले. रकाना रिकामा सोडणं त्यांना सहनच व्हायचं नाही. "रिकामो रकानो बगलो की सायबाक वाटता, ह्येका काय म्हायत नाय, नायतर ह्यो काय तरी लपयता," असं ते मला बजावत. जिथे लिहायला काहीच नसेल तिथे ते 'निरंक' लिहायला लावत. निरंक म्हणजे काही नाही, पण विचारपूर्वक काही नाही. हा शब्द त्यांच्या जिभेवर असा बसला होता की चहावाल्याने "साखर किती घालू?" विचारलं तरी "निरंक" म्हणत, आणि बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परतले की शालूकाकूंना दारातूनच "मासळी निरंक" असं कळवून मोकळे होत. काकू म्हणायच्या, "चाळीस वर्सां ह्या कारकुनाबरोबर काडलंय, जीव नुसतो इटलो माजो." पण पिशवी मात्र रोज त्याच त्यांच्या हातात देत.

दुसरी त्यांची नोकरी जन्माची. ते घाडी. आमच्या गावात रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, तो मान घाडी घराण्याचा. "थंय लोकांचे अर्ज सरकाराक, हंय लोकांचे अर्ज देवाक. माजा टेबल काय बदलाक नाय," असं म्हणून ते हसत. मी माहेरची बांद्याची, मला या गावचे रिवाज लग्नानंतर कळले. तात्या ते मला समजावून सांगत, तेही क्रमांक घालून.

आणि तिसरी गोष्ट फुटबॉल. आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावरचं, इथे पोरं दमेपर्यंत वाळूत खेळतात आणि मोठी झाली की मैदानात येतात. गावच्या संघाचे तात्या तीस वर्षं चिटणीस होते. त्यांनी माझ्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने एक शिडी काढून ठेवली होती. पावसाने पुसली की पुन्हा काढत. सात पायऱ्या. मंडळाची नोंदणी, जिल्ह्याची संलग्नता, खेळाडूंची नोंद, मग तालुका, जिल्हा, विभाग आणि शेवटी राज्याची पात्रता फेरी. ती जिंकली की वर राष्ट्रीय चषक. "खालच्यो तीन पायऱ्यो कागदाच्यो, वरच्यो चार पायाच्यो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत. एकदा मासळीची पाटी घेऊन जाणारी कमळी त्यांच्या तावडीत सापडली. तिने सगळ्या सात पायऱ्या ऐकून घेतल्या आणि विचारलं, "नि वरती गेल्यार काय गावता ओ?"

तात्यांनी जरा विचार केला. "वरती गेल्यार पयल्या फेरीत हरूक गावता."

"हरूकच जाऊचा तर हंय हरा," कमळी म्हणाली आणि पाटी सावरत निघून गेली.

मी हसले, पण तात्या खरंच तेवढंच मागत होते. मोठ्या शहरातल्या पगारी खेळाडूंच्या संघाकडून आपण हरणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. फक्त त्या चषकाच्या यादीत एकदा गावाचं नाव छापून यावं आणि मग काय व्हायचं ते होवो, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्याला कारण होतं. तरुणपणी ते स्वतः या संघात लेफ्ट बॅक खेळत. त्या वर्षी गाव जिल्हा जिंकून पुढे गेलं होतं. पण खेळाडूंची यादी पोस्टाने एक दिवस उशिरा पोचली आणि संघ बाद झाला. खेळायची वेळच आली नाही. बाकीचे दोन दिवस शिव्या देऊन विसरले, तात्या विसरले नाहीत. त्यांनी बूट सोडले आणि कागद हातात घेतला. "पायान हरलांव तर दुक्ख नाय. कागदान हरूचां नाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही.

कागदासाठी ते काहीही करत. आमचा गोलकीपर पांडू. शाळेच्या दाखल्यावर तो पांडुरंग, आधारवर पुंडलिक, आणि जन्माच्या दाखल्यावरच्या तारखेप्रमाणे सख्ख्या मोठ्या भावापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तात्यांनी त्याला माझ्या दुकानात बसवून तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले. "मेल्या, कागदार तू तुज्या दादाचो दादा आसंस," ते म्हणाले. मग त्याला मोटारसायकलवर मागे बसवून शाळा, ग्रामपंचायत आणि तहसील अशा चार दिवस फेऱ्या मारल्या. पाचव्या दिवशी पांडू सगळीकडे एकाच नावाने एकाच दिवशी जन्मला. त्याच्या आईने तात्यांना कोंबडा दिला, तो त्यांनी परत केला, आणि आईने तो परत आणून काकूंकडे दिला.

सामना मात्र ते बघत नसत. हे मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. विभागाच्या सामन्याला वेंगुर्ल्याला गावातून दोन टेम्पो भरून गेलो होतो, तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं. सामन्याआधी तात्यांनी पोरांना गोल उभं केलं, टोपी काढली आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां परक्या मैदानार उबी आसत. तेंच्या पायाक बळ दी. रेफरीच्या डोळ्याक नजर दी. आणि कागदपत्रात काय चूकभूल रवली आसात, ती तुज्या पोटात घाल म्हाराजा."

"होय म्हाराजा," पोरं म्हणाली. समोरच्या संघातल्याही दोघांनी सवयीने म्हटलं.

मग तात्या पंचांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले, मैदानाकडे पाठ करून. मांडीवर फायलींची प्लास्टिकची पिशवी. कुणी हरकत घेतली तर लगेच कागद काढून दाखवायचा, त्यासाठी टेबलावरची नजर हलवायची नाही, असा त्यांचा नियम. गोल झाला की आवाजावरून ओळखत. ओरडा आमच्या बाजूने झाला की पिशवीवर एक थाप, समोरून झाला की नुसते चष्मा पुसत. त्या दिवशी पिशवीवर दोन थापा पडल्या आणि आम्ही सहाव्या पायरीवरून सातव्या पायरीवर पोचलो. गावचा संघ तिथवर कधीच गेला नव्हता.

हे सगळं ज्या वर्षी झालं, ते गावपळणीचं वर्ष होतं.

आमच्याकडे काही गावांत ठराविक वर्षांनी गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सारं गाव घरं सोडून शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणीही मागे राहत नाही. चुलीत विस्तव नाही, देवळात दिवा नाही. शिवेपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, तिथेच रांधायचं, भजनं करायची, पोरीबाळींनी फुगड्या घालायच्या. मुंबईकर मुद्दाम रजा काढून येतात. चौथ्या दिवशी देवाची परवानगी घेऊन गाव पुन्हा भरतं. वर्ष ठरलेलं असतं, साधारण मार्गशीर्ष असतो, पण दिवस ठरवतो तो देव. देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या लावून कौल मागायचा, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

राष्ट्रीय चषकाच्या पात्रतेचा फॉर्म आम्ही श्रावणात भरला होता. माझ्याच दुकानात, माझ्याच बोटांनी. अकरावा रकाना होता, 'यजमान मैदान उपलब्ध नसण्याच्या तारखा'. मी थांबले.

"तात्या, यंदा गावपळण ना?"

"आसा."

"मग ती घालूया की. मार्गशीर्षात असेल असं तरी लिहूया."

तात्यांनी चष्मा वर सरकवला. "बाय, कौल झालो? देवान अजून तोंड उघडूक नाय, आणि मी सरकारी कागदार तारीख लिवन देऊ? उद्या देवान विचारल्यान, घाड्या, तू माका आदी विचारलंस काय, तर मी काय सांगू?"

"मग रिकामा सोडते."

पण संगणकालाही ते रुचेना. लाल फुली दाखवून 'तरीही पुढे जायचं का?' असं तो विचारत राहिला. तसा तात्यांनाही रकाना रिकामा नकोच होता. "लिव, निरंक," ते म्हणाले, आणि मी लिहिलं. मला अजून वाटतं, मी तेव्हा हट्ट करायला हवा होता. पण हट्ट करून कुठली तारीख टाकणार होते, ते मलाही सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुमाराला पात्रता फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या. समोरचा संघ पुण्याकडचा, तगडा. आणि मैदान आमचं. आमच्या गावात, आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या मैदानावर, मार्गशीर्षातल्या एका रविवारी. बातमी आली तेव्हा तात्या माझ्या दुकानातच होते. त्यांनी तो कागद चारदा वाचला, मग खडू मागून घेतला आणि बाहेर जाऊन शिडीच्या सातव्या पायरीवर एक छोटा माणूस काढला. चित्रकला त्यांना अजिबात येत नव्हती, तो माणूस खेकड्यासारखा दिसत होता. पण पुढचे पंधरा दिवस गाव त्या खेकड्याशेजारी उभं राहून फोटो काढत होतं.

धाकधूक फक्त सुहासला होती. सुहास आमचा कप्तान, रोज गोव्यात गॅरेजवर जायचा, वय बत्तीस, गुडघा दुखरा. हे आपलं शेवटचं वर्ष आहे हे तो उघड बोलून दाखवायचा. तो म्हणाला, "तात्यानू, मैदान बदलून मागायचां तर पंधरा दिवस आदी कळवूचां लागता. पळण त्याच दिसांत इली तर?"

"इली तर मगे बगू. देवान सांगूच्या आदी मी खंयची तारीख कळवू?"

कौल लागला तो सामन्याच्या अकरा दिवस आधी. उजवी कळी पडली. पळण शनिवारी सुरू. रविवार म्हणजे पळणीचा दुसरा दिवस.

देवळाबाहेर ज्याच्या त्याच्या मनात एकच हिशोब चालला होता. तात्या तडक माझ्याकडे आले. मी स्पर्धेच्या कचेरीत फोन लावून दिला आणि स्पीकर चालू केला. तात्या कचेरीतल्या मराठीत बोलू लागले.

"साहेब, त्या रविवारी आमचा गाव गावात नसेल."

पलीकडचे अधिकारी सभ्य होते. "म्हणजे संघ बाहेरगावी जातोय का?"

"संघ नाही साहेब. गाव."

"गाव कुठे जाणार?"

"शिवेबाहेर. तीन दिवस."

"कुणाच्या आदेशानं?"

"देवाच्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. आदेशाची प्रत पाठवता का?" त्यात चेष्टा नव्हती, तो माणूस खरोखर काहीतरी मार्ग शोधत होता. सामना पुढे ढकलायची कारणं त्याने वाचून दाखवली. अतिवृष्टी, मैदानाचं नुकसान, खेळाडूचा मृत्यू, कायदा व सुव्यवस्था. मग आमचाच फॉर्म उघडून म्हणाला, "अकराव्या रकान्यात तर तुम्ही निरंक लिहिलंय, काका. हे लिहिलं नसतं तर मी काहीतरी करू शकलो असतो. रिकामा असता तर चूक म्हणून दुरुस्त करून घेतला असता."

तात्यांनी "आभारी आहे" म्हटलं आणि फोन मला परत दिला. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरत बसले.

पोरांनी सगळे उपाय करून पाहिले. पुण्याच्या संघाला सामना दुसरीकडे खेळायची विनंती केली, त्यांनी नियमाप्रमाणे होऊ द्या असं कळवलं. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं. शेवटी सुहास आणि सगळा संघ तात्यांच्या अंगणात येऊन बसला. सुहास म्हणाला, "दोन तासांचो प्रश्न. मैदान शिवेपासून दीडशे पावलार. व्हाळ उतरायचो, खेळायचां, परत येवचां. इचारा तरी देवाक."

"ठरलेली गजाल पुन्ना इचारूची नसता रे."

"तुमी घाडी. तुमी नाय इचारशात तर कोण इचारतलो?"

तात्यांनी विचारलं. पळणीच्या आदल्या दिवशी सकाळी, मानकरी हजर असताना, त्यांनी कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. मी सभामंडपाच्या खांबाशी होते. एरवी एका दमात गाऱ्हाणं म्हणणारे तात्या तीनदा अडखळले. "गाव तुजो, मैदान तुजां, लेकरांय तुजीच. दोन तासांची मोकळीक दितंस तर उजवी दी, नाय दिणस तर डावी दी म्हाराजा." सगळे "होय म्हाराजा" म्हणाले आणि वाट बघत राहिले. दुपार झाली. कळ्या पाषाणावर सुकून चिकटून गेल्या. उजवी पडली नाही, डावीही नाही.

तात्या बाहेर आले तेव्हा सुहासने विचारलं, "काय म्हणालो?"

"काय बोलाक नाय."

"मगे खेळूया? नाय तर म्हणाक नाय ना."

"होय म्हणाक नाय, सुहास," तात्या म्हणाले, आणि पायरीवर बसून चपला घालू लागले. अंगठा चपलेत जायला त्यांना बराच वेळ लागला.

रविवारी दुपारी आम्ही सगळे व्हाळाच्या अलीकडे होतो. व्हाळ हीच शीव. गुडघाभर पाणी, पलीकडे काजूची चार झाडं आणि त्यामागे आमचं मैदान, नव्याने रंगवलेले गोलखांब, चुन्याच्या रेषा. सुहासने आणि पोरांनी संघाचे कपडे घातले होते. कुणी घालायला सांगितले नव्हते. पुण्याची बस गावातल्या रस्त्याने आली. परक्यांना आम्ही अडवत नाही, पळण आमची असते. बंद दारं आणि रिकामी अंगणं बघत ती पोरं मैदानात उतरली, रांगेत उभी राहिली. तरुण रेफरीने घड्याळ लावलं. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबायचं होतं.

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. त्यांचे अकरा तिकडे उभे, आमचे अकरा इकडे. मध्ये एवढंसं पाणी. रेफरीने दोनदा हात करून बोलावलं. पांडू रडत होता आणि ते लपवायची खटपटही करत नव्हता. सुहासचा एक पाय पाण्याच्या अगदी काठाशी होता. त्याने एकदा मागे वळून तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान हलवली नाही, होय म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. मग सुहासने पाय मागे घेतला.

शिट्टी वाजली. सामना पुण्याला बहाल झाला. रेफरी बूट हातात घेऊन व्हाळ उतरून आमच्या बाजूला आला, कारण कागदावर यजमान चिटणिसाची सही लागत होती. तात्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सगळा कागद वाचला. शेवटचा रकाना होता, 'यजमान संघाची हरकत'.

"लिवा तात्यानू," सुहास म्हणाला. "सगळां लिवा. पळण लिवा, कौल लिवा. कळू दे तेंका."

तात्यांनी पेन टेकवलं. ते काय लिहितात ते बघायला सारं गाव भोवती जमलं होतं, काकूसुद्धा चूल सोडून आल्या होत्या. त्यांनी आपल्या गोल, सुरेख अक्षरात लिहिलं, 'निरंक'. खाली सही, खाली तारीख.

रेफरी गोंधळला. "काका, तुम्ही हरकत घेऊ शकता."

"कोणाविरुद्ध घेऊ, साहेब?" तात्या म्हणाले, आणि पेनला टोपण लावून त्याचं पेन त्याला परत दिलं.

त्यानंतर ते वर्षभर होते. भिंतीवरची शिडी त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि मीही खडू पुढे केला नाही. दुकानात येत, पेन्शनचे कागद करून घेत, जात. पण तात्या म्हटलं की मला दिसतात ते त्या दुपारचे.

इतक्या लांबून आलेली पुण्याची पोरं बसमध्ये बसायला तयार नव्हती. त्यांनी आपसांत दोन संघ पाडले आणि आमच्या मैदानावर तासभर खेळली. आमची माणसं एकेक करून झोपड्यांकडे परतली. तात्या व्हाळाच्या काठावर दगडावर बसून राहिले. फायलींची पिशवी त्यांनी बाजूला गवतावर ठेवली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मैदानाकडे तोंड करून बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा पलीकडे एका पोराने लांबून बॉल हाणला आणि तो आमच्या नव्या जाळीत जाऊन बसला.

"बरो मारल्यान," तात्या म्हणाले.